मुलाखतीस आलेल्या परिचारिकेने विचारावयाचे प्रश्न

मागील पावसाळ्यात आमच्या रुग्णालयातील परिचारिकेची एक जागा रिकामी झाली. आंबी हे गाव तळेगाव औद्योगिक वसाहतीला लागून आहे. रुग्णालय लहान, दहा खाटांचे. पंचकर्म हेच त्याचे मुख्य काम. जाहिरात दिल्यावर चार उमेदवार आल्या. त्यांतील तिसरी जी.एन.एम. झालेली, तीन वर्षे एका मोठ्या रुग्णालयात काम केलेली. व्यवस्थापकांनी आणि मी नेहमीचे प्रश्न विचारले. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे काय, पंचकर्माचा अनुभव आहे काय, रुजू केव्हा होता येईल, इत्यादी. शेवटी रिवाज म्हणून, "आपल्याला काही विचारायचे आहे का?" असे म्हटले. यावर सहसा "नाही सर" हे उत्तर येते, फार तर पगाराची चौकशी होते. या उमेदवाराने मात्र पर्समधून घडी घातलेला कागद काढला. पहिलाच प्रश्न असा: "सर, रात्रपाळीत मी एकटी असेन का? आणि रुग्णाचे काही बिघडले तर पहिला फोन कोणाला करायचा? त्यांनी उचलला नाही तर दुसरा कोणाला?"

पहिल्या भागाचे उत्तर मी दिले. दुसऱ्या भागाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिले, मी कागदपत्रांकडे पाहिले.

प्रांजळपणे सांगावयाचे तर प्रथम राग आला. नोकरी मागावयास आलेल्या व्यक्तीने आपली परीक्षा घ्यावी हे आपल्या अंगवळणी पडलेले नाही. पण घरी गेल्यावर चरकसंहिता काढून बसलो, आणि राग कोणावर धरावा हा प्रश्न पडला. चिकित्सेच्या चार पादांत उपस्थाता हा एक पाद होय, हे सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायापासून आपण सर्व जण पाठ करीत आलो आहोत. त्याचे गुणही चार: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. मुलाखतीत आपण हे गुण तपासतो असे आपण समजतो. वस्तुतः त्यांतील दोनच तपासता येतात. उपचारज्ञता प्रश्नांनी कळते, शौच काही अंशी दिसते. दाक्ष्य पहिल्या आठवड्यात कळते. अनुराग मात्र नेमणूकपत्रात लिहून मिळत नाही. तो मालकाच्या वागण्यातून उपजतो किंवा उपजत नाही.

याहून महत्त्वाचा संदर्भ विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात आहे. वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राची परीक्षा करावी, नंतर आचार्याची परीक्षा करावी, असा क्रम तेथे सांगितला आहे. आचार्याने शिष्याची परीक्षा करण्याचा विषय त्यानंतर येतो. परिचारिका आणि रुग्णालयाचा मालक यांचे नाते गुरुशिष्याचे नव्हे, हे मान्य. परंतु ज्याच्या आज्ञेवर आपले काम आणि आपली नोंदणी अवलंबून राहणार आहे, त्याला आधी पारखून घ्यावे, हा विचार तोच आहे. तो परका नाही, आपल्याच संहितेचा आहे.

त्या कागदावरील सर्व प्रश्न येथे देत नाही. जे देतो ते आपण सर्वांनी स्वतःला आधीच विचारून ठेवावेत, एवढ्यासाठी. आपल्या सभासदांपैकी अनेकांचे औषधालय आणि त्याला जोडून दोन-तीन खाटांचे पंचकर्म केंद्र आहे. त्यांनाही हे लागू आहेत.

रात्रीच्या फोनचा प्रश्न मला का बोचला, ते सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पन्नाशीच्या एका गृहस्थांना विरेचन दिले होते. स्नेहपान, अभ्यंग, स्वेदन यथाविधी झालेले. सकाळी औषध देऊन दुपारी मी एका कार्यक्रमासाठी पुण्यास गेलो. ड्यूटीवरील परिचारिकेस, "वेग मोजा, नोंद ठेवा, कोष्ण पाणी देत रहा," एवढे सांगितले होते. तिने ते तंतोतंत केले. हीन शुद्धी दहा वेगांची, मध्यम वीस, प्रवर तीस, हे कोष्टक भिंतीवर लावलेले होतेच. तिने ते वाचले आणि जितके अधिक वेग तितकी शुद्धी उत्तम, असा अर्थ घेतला. तो अर्थ चुकीचा आहे हे तिला सांगण्याचे काम माझे होते. सायंकाळी पंचविसाव्या वेगानंतर रुग्णाच्या पोटऱ्यांत पेटके येऊ लागले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने मला फोन केला तेव्हा मी सभागृहात होतो आणि फोन बंद होता. दुसरा क्रमांक तिच्याजवळ नव्हता. अर्ध्या तासाने तिने स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला रिक्षात घालून तळेगावच्या रुग्णालयात नेले. शिरेतून द्रव दिल्यावर रुग्ण सावरला आणि दोन दिवसांत घरी गेला. महिनाअखेरीस परिचारिकेने राजीनामा दिला. जाताना ती एवढेच म्हणाली, "सर, किती वेगांनंतर फोन करायचा ते तुम्ही कधी सांगितलेच नव्हते."

अतियोगाची लक्षणे आपणास ठाऊक असतात. रुग्णाशेजारी मात्र आपण नसतो, ती असते. म्हणून "फोन कोणाला करायचा" याच्याही आधी "केव्हा करायचा" हे ठरले पाहिजे. आमच्याकडे आता विरेचनाच्या रुग्णासाठी दहाव्या आणि विसाव्या वेगाला फोन करणे आवश्यक आहे, रुग्ण कितीही ठीक असला तरी. भोवळ, पेटके, मलात रक्त, नाडीची गती शंभराच्या वर, वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली, यांपैकी काहीही दिसले तर संख्या न पाहता ताबडतोब. विरेचन कफान्त असावे आणि वमन पित्तान्त, ही खूण परिचारिकेला प्रत्यक्ष पात्रात दाखवून शिकवावी लागते. पुस्तकातून ती कळत नाही. निरूह बस्तीचा प्रत्यागमन काल एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. तेवढ्या वेळात बस्ती परत आला नाही तर काय करावयाचे हा निर्णय वैद्याचा, पण घड्याळ पाहणारी तीच. द्रव्य आत गेले ती वेळ लिहिण्यासाठी आम्ही बस्तीच्या खोलीत भिंतीवरचे घड्याळ लावले, तेही या मुलाखतीनंतर. त्याआधी वेळ अंदाजाने लिहिली जात असे, हे कबूल करतो.

दुसरा प्रश्न कामाच्या व्याप्तीचा होता. "अभ्यंग मीच करायचा का? औषधाच्या पुड्या मी बांधायच्या का? आणि फरशी?" तिने हसत विचारले, पण विचारले. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात, उपकल्पनीयात, चरकांनी संशोधनासाठी लागणारी सामग्री सांगताना आधी वास्तू सांगितली आहे: निवात पण एका बाजूने वारा येईल अशी, पाणी, उखळ, शौचस्थान, स्नानाची जागा आणि स्वयंपाकघर यांसह. त्यानंतर माणसे. वरण-भात रांधणारे, स्नान घालणारे, अंग चोळणारे, उठवणारे, निजवणारे, औषध कुटणारे, आणि त्यांच्याखेरीज गाणारे, वाद्य वाजवणारे, कथा सांगणारेही. ही सर्व यादी अनेकवचनात आहे. आपण मात्र एकाच मुलीत हे सर्व शोधतो, आणि त्यावर दुपारी गल्ल्यावर बसवतो! सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या चौतिसाव्या अध्यायात परिचारकाला न थकणारा म्हटले आहे. त्याचा अर्थ त्याला थकवून पहावे असा कोणी करू नये.

यातील फरशी हा मानापमानाचा प्रश्न वाटतो, पण तो रुग्णाच्या सुरक्षिततेचाही आहे. अभ्यंगानंतर फरशीवर सांडलेले तेल त्याच क्षणी पुसले गेले नाही तर द्रोणीवरून उतरणारा वृद्ध रुग्ण घसरतो. ते कोणी पुसावयाचे हे ठरलेले नसेल तर ते कोणीच पुसत नाही. आम्ही अभ्यंगासाठी एक पुरुष आणि एक स्त्री परिचारक वेगळे ठेवले आहेत. नोंदणीकृत परिचारिकेने नाडी, रक्तदाब, औषध, नोंदी आणि बस्तीची देखरेख पहावी. ज्यांना दोन माणसे परवडत नाहीत त्यांनी निदान तसे मुलाखतीतच स्पष्ट सांगावे. रुजू झाल्यावर आठव्या दिवशी हातात तेलाची वाटी देऊ नये.

पुड्यांबद्दल औषधालयांच्या मालकांशी थोडे बोलावयाचे आहे. बिननावाच्या पुड्या ही आपल्या व्यवसायाची जुनी खोड आहे. "सकाळची पांढरी, रात्रीची तपकिरी" एवढ्या सूचनेवर रुग्ण घरी जातो, आणि काही झाल्यास विचारले जाते पुडी देणाऱ्या परिचारिकेला. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत बचनाग, भिलावा, धोत्रा, कुचला यांपासून पारा आणि हरताळापर्यंतची द्रव्ये आहेत. ती असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे कारखान्यास बंधनकारक आहे. वेष्टन फोडून आपण पुडी बांधतो तेव्हा ती सूचना कचऱ्याच्या डब्यात जाते. परिचारिकेने, "पुडीवर कल्पाचे नाव, मात्रा आणि अनुपान कोण लिहिते?" असे विचारले तर तिला शंकेखोर समजू नये. तिने न विचारल्यास तिला नेमण्यापूर्वी दोनदा विचार करावा, असे मी म्हणेन.

याच ओघात तोंडी आज्ञेचा विषय येतो. रात्री फोनवरून सांगितलेले औषध, मग ते आसव असो वा इंजेक्शन, केसपेपरवर कोणाच्या सहीने येते? आधुनिक औषधे कोणी वापरावीत या वादात येथे शिरत नाही. जे वापरतात त्यांनी एवढे जाणावे की परिचारिकेची नोंदणी तिची स्वतःची असते, आणि लेखी आज्ञेशिवाय सुई टोचणे तिला महागात पडू शकते. तिने फोनवरील आज्ञा ऐकून लिहून घ्यावी, वैद्याला परत वाचून दाखवावी, आणि वैद्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या फेरीत तिच्याखाली सही करावी. याला एक मिनिट लागते.

रक्ताच्या संसर्गाबद्दल आपण आयुर्वेदवाले जरा निष्काळजी असतो. सुया कमी वापरतो म्हणून धोका कमी, असा समज. पण जलौका काढल्यावर दंशातून तासन्‌तास रक्त झिरपते, सिरावेधात सुई असतेच, क्षारसूत्र बदलताना हात रक्ताने माखतात. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आयुष रुग्णालयांनाही लागू आहेत आणि त्यांत कर्मचाऱ्यांना काविळीच्या ब प्रकाराची व धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी रुग्णालयावर टाकलेली आहे. ब काविळीच्या लसीचे तीन डोस: पहिला, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. "लस कोणाच्या खर्चाने?" हा प्रश्न उमेदवाराने विचारण्याची वेळच येऊ नये.

पुढचा प्रश्न विचारताना तिने आवाज खाली आणला. "कपडे बदलायची खोली कुठे आहे? तिला आतून कडी आहे का?" नर्सिंगच्या क्षेत्रातील कोणालाही या प्रश्नामागची आठवण सांगावी लागत नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तळघरात कपडे बदलत असताना तेथील सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्या अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. परिचर्या म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण महाराष्ट्रात मला माहीत नाही. पण त्याचा आरंभ एका असुरक्षित खोलीत झाला, हेही विसरता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर.जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरील तरुण डॉक्टरच्या बाबतीत जे घडले, त्यानेही हाच प्रश्न पुन्हा उभा केला.

आमच्याकडे कपडे बदलण्याची खोली म्हणजे औषधांच्या कोठारातील पडद्यामागची जागा होती. कडी नव्हती. कोठारात दिवसभर माणसांची ये-जा. मी तिला खरे ते सांगितले.

आंबीसारख्या ठिकाणी जाण्यायेण्याचा प्रश्नही याचाच भाग आहे. परिचारिका लोकलने तळेगाव स्थानकावर उतरते, पुढे रिक्षा. कंपन्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी रस्ता गजबजलेला असतो, त्यानंतर एकदम सामसूम होते. मावळचा पाऊस सुरू झाला की रिक्षा मिळेलच असे नाही. पाळीची वेळ ठरविताना आपण रुग्णांच्या सोयीचा विचार करतो, लोकलच्या वेळापत्रकाचा करीत नाही. रात्रीची पाळी आठला संपवून मुलीला रस्त्यावर सोडण्यापेक्षा सातला संपवणे किंवा सकाळपर्यंत नेणे केव्हाही बरे.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, आणि हे कर्मचाऱ्यांना माहीत असणे आवश्यक आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनी हात उगारला तर त्यासाठी महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. अशा वेळी तक्रार द्यावयास पोलिस ठाण्यात तिच्याबरोबर मालक जातो की "जाऊ द्या, गावातलीच माणसे आहेत" म्हणतो, हे उमेदवाराने विचारून घेतले पाहिजे.

वेतनाविषयी लिहिताना लेखणी जड होते. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय वेतनाइतके, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही दरमहा वीस हजारांहून कमी नसावे, असे तीत म्हटले होते. ती शिफारस होऊन वर्षे लोटली, महागाई कुठल्या कुठे गेली, आणि आपल्यापैकी कितीजण तो जुना आकडा देतात हे प्रत्येकाने आपापल्या हजेरीपत्रकात पहावे. औद्योगिक वसाहतीत कंपनीची बस दारात येते, जेवण मिळते, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. मुली तिकडे गेल्या तर "सेवाभाव उरला नाही" हे बोलणे सोपे आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देण्यास आरंभ केला, तो निराधार स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी. सेवा आणि मिळकत यांत विरोध आहे असे त्या संस्थेला वाटले नाही.

तिने आणखी एक विचारले: "मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेता का?" पूर्वीच्या एका ठिकाणी तिची प्रमाणपत्रे कपाटात अडकून पडली होती आणि सोडवून घेण्यास दोन महिने लागले, असे ती म्हणाली. मूळ कागद पाहून, झेरॉक्स घेऊन, त्याच बैठकीत परत करावेत. माणूस टिकवण्यासाठी त्याचे कागद अडकवून ठेवणे हे वैद्याला शोभणारे नाही. नेमणूकपत्र मात्र लेखी द्यावे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही त्यावर भर आहे. त्यात पाळीचे तास, साप्ताहिक सुटी, रजा आणि नोटिशीचा काळ लिहावा. शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदाही पात्र परिचारिकांच्या योग्य प्रमाणाची अपेक्षा करतो, त्यामुळे कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक ही कसरत आज ना उद्या अंगाशी येते.

कागदावरील शेवटचा प्रश्न होता, "माझ्या आधीच्या सिस्टर का गेल्या?"

व्यवस्थापक उत्तर देण्यासाठी पुढे सरसावले. लग्न ठरले, गाव दूर होते, अशी उत्तरे तयार असतात आणि बहुधा ती अर्धसत्यही असतात. मी त्यांना थांबवले आणि विरेचनाची ती हकिगत, वर लिहिली आहे तशीच, सांगितली. जागा रिकामी करून गेलेली परिचारिका वेगळी होती. तिचे खरोखरच लग्न झाले होते. पण त्या प्रश्नाचे खरे उत्तर ही जुनी हकिगतच होती. ऐकून उमेदवार काही बोलली नाही. तिने कागदाची घडी घातली आणि मागील महिन्याचे रात्रपाळीचे नोंदवही-पुस्तक पाहता येईल का असे विचारले. आम्ही दिले. तिने दहा मिनिटे पाने चाळली, दोन ठिकाणी बोट ठेवून रुग्णाची नाडी का लिहिलेली नाही असे विचारले. आम्हाला सांगता आले नाही.

चार दिवसांनी तिचा फोन आला. घरापासून जवळच्या एका मोठ्या रुग्णालयात तिला जागा मिळाली होती आणि रात्री येण्याजाण्याचा प्रश्न तेथे नव्हता. तिने आभार मानले. मीही मानले. मुलाखतीतील तिचे प्रश्न आठवून व्यवस्थापकांनी टंकलिखित केले, आणि त्यानंतर आलेल्या उमेदवाराला आम्ही बसल्याबरोबर तोच कागद हातात दिला. ती गोंधळली. असे प्रश्न विचारायचे असतात हे तिला कोणी सांगितले नव्हते. मग एकेक प्रश्न आम्हीच वाचला आणि एकेकाचे उत्तर दिले. कपडे बदलण्याच्या खोलीपाशी आल्यावर, "कडी बसवायची आहे, सुतार गुरुवारी येणार आहे," असे सांगावे लागले. तो शनिवारी आला.

फोनची यादी आता परिचारिकेच्या टेबलावरील काचेखाली आहे. पहिला क्रमांक माझा, दुसरा माझ्या सहकारी वैद्यांचा, तिसरा तळेगावच्या रुग्णालयाचा, चौथा रात्री येण्यास तयार असलेल्या रिक्षावाल्याचा. मी गावाबाहेर जाणार असेन त्या दिवशी माझ्या नावावर पेन्सिलने रेघ मारली जाते आणि परतल्यावर ती खोडली जाते.